लांबचं पॅकेट येतं, टेबलावरचं येत नाही: छाटलेल्या एलडीपीसी डिकोडरचं जुनं दुखणं

नेहमीची तक्रार अशी असते की टेबलावर झकास चालतं आणि शेतात नेलं की मान टाकतं. आमच्याकडे उलटं झालं. नदीकाठच्या जॅकवेलवर (पाणी उपसायच्या मोटारी जिथे असतात त्या विहिरीवर) बसवलेला ट्रान्समीटर कुपवाडच्या आमच्या शेडपर्यंत दहातली सात-आठ पॅकेटं नीट पोचवायचा. तोच ट्रान्समीटर बॅटरी बदलायला म्हणून उचलून आणला आणि रिसीव्हरशेजारी हातभर अंतरावर ठेवला, तर एकही पॅकेट सीआरसीतून, म्हणजे ते बिनचूक आलं का हे सांगणाऱ्या तपासणीतून, पास होईना. परत नदीवर नेऊन लावला, तर चालू! आमच्याकडचा डिप्लोमाचा पोरगा म्हणाला, "दादा, ह्याला नदीची हवा लागतीया बहुतेक."

हे दुखणं मी आतापर्यंत तीनदा बघितलंय. दोनदा माझ्याच डिझाइनमध्ये, एकदा शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये. तिन्ही वेळा एफपीजीएत (आतलं सर्किट आपण ठरवायचं असतं त्या चिपमध्ये) एलडीपीसी डिकोडर, म्हणजे हवेत बिघडलेले बिट जादा बिटांवरून दुरुस्त करणारं सर्किट, मावत नाही म्हणून कुणीतरी त्याच्या आतल्या आकड्यांचे बिट छाटले होते, आणि तिन्ही वेळा पहिला संशय अँटेनावर गेला होता. पुन्हा चौथ्यांदा महिना घालवायला नको म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी काम काय होतं ते सांगतो. कृष्णाकाठी उपसा मोटारी आहेत, आणि पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की त्या वेळेत वर ओढून घ्याव्या लागतात. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण प्रत्येकाच्या जॅकवेलचा तळ वेगळा, त्यामुळे पुलावरच्या आकड्यावरून आपल्या मोटरीचा अंदाज बांधणं हा जुगारच. २०१९ च्या ऑगस्टनंतर तर कुणी तो जुगार खेळायला तयार नाही. म्हणून जॅकवेलवर एक डबा बसवायचा: पाण्याची पातळी, तिन्ही फेजचा करंट, बॅटरीचा व्होल्टेज आणि मागची काही रीडिंग, असं साधारण ४० बाईटचं पॅकेट मिनिटाला एकदा पाठवायचं. बँड ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा, त्याला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. बाजारात तयार मॉड्यूल मिळत असताना स्वतःचा मोडेम का केला, असं विचाराल. खरं उत्तर: खाज. दुसरं कुठलं कारण देत नाही.

रिसीव्हरमध्ये आईस-४० जातीची छोटी एफपीजीए होती, ७,६८० एलयूटी (लॉजिकच्या विटा) आणि प्रत्येकी ४ किलोबिटचे ३२ ब्लॉक रॅम (चिपमधल्याच मेमरीचे तुकडे) असलेली. कोड घेतला वायफायच्या ८०२.११ एन मधला सगळ्यात लहान एलडीपीसी: ६४८ बिटांचा ब्लॉक, निम्मे माहितीचे आणि निम्मे पॅरिटीचे, म्हणजे चुका पकडायला जोडलेले. म्हणजे ३२४ बिट माहिती, आपल्या ४० बाईटला अगदी मापात.

अटेन्युएटरनं केलेली फसवणूक

जवळून बिघडतं आणि लांबून चालतं, म्हणजे फ्रंट एंड (रिसीव्हरचा अँटेनाकडचा पहिला टप्पा) ओव्हरलोड होतोय, हे रेडिओवाल्याच्या डोक्यात पहिल्यांदा येणारच. माझ्याही आलं. अँटेना आणि रिसीव्हरच्या मधे ३० डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल लहान करणारा तुकडा, लावला आणि पॅकेटं यायला लागली. झालं, निदान पक्कं! एलएनए (पहिला ॲम्प्लिफायर) बदलला, फिल्टर बदलला, पट्ट्यांचं शील्डिंग केलं. अटेन्युएटर काढला की पुन्हा तेच.

इथेच गोम आहे. अटेन्युएटर लावल्यावर सुधारतं, याचा अर्थ एवढाच की सिग्नल लहान झाल्यावर सुधारतं. सिग्नल फक्त एलएनएमध्येच मोठा नसतो. तो पुढे डिजिटलमध्येही तेवढाच मोठा असतो, आणि आमच्या रिसीव्हरला आपोआप गेन जुळवणारी व्यवस्था नव्हती. त्यामुळे लांबच्या पॅकेटमध्ये प्रत्येक बिटाचा एलएलआर, म्हणजे "हा बिट ० आहे की १, आणि किती खात्रीने" हे सांगणारा आकडा, २-३ च्या आसपास यायचा. जवळच्या पॅकेटमध्ये सगळेच्या सगळे ३१ ला जाऊन टेकायचे. एलएलआर ६ बिटांचा होता, त्यामुळे ३१ च्या पुढे जागाच नाही.

दुसरी एक खूण आमच्या डोळ्यांसमोर होती, पण तिच्याकडे लक्ष गेलं नाही. डिकोडर पाच इटरेशन, म्हणजे पाच फेऱ्या, चालवायचा. लांबची उरलेली दोन-तीन पॅकेटंही यावीत म्हणून मी एकदा पाचाच्या दहा केल्या, तर चालणारी पॅकेटंसुद्धा कमी झाली. मी गप्प पुन्हा पाच केल्या आणि विसरून गेलो. विसरायला नको होतं. एलडीपीसी डिकोडरला फेऱ्या वाढवून दिल्या तर त्याने सुधारावं, फार तर जिथल्या तिथे राहावं. जास्त विचार केल्यावर निकाल बिघडत असेल, तर आतल्या बेरजेतच काहीतरी सडलंय.

रेडिओ बाजूला काढा

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. रेडिओ पूर्ण बाजूला काढला आणि युआर्टवरून (संगणकाला जोडलेल्या सिरियल तारेवरून) ६४८ एलएलआर थेट डिकोडरच्या तोंडात घातले. एकही चूक नसलेलं कोडवर्ड, म्हणजे माहिती आणि पॅरिटी मिळून अख्खा ब्लॉक. जिथे ० तिथे +३१, जिथे १ तिथे −३१. यात डिकोडरला करायचं काहीच नाही. बसायचं आणि जसं आलं तसं पुढे द्यायचं.

त्याने ते बिघडवून परत दिलं.

त्या रात्री मला बरं वाटलं, राग आला नाही. महिनाभर हवेत, अँटेनात, केबलच्या टोकांत शोधत होतो ती चूक आता चार फाइलींच्या आत होती. तुमच्याकडे असंच काही घडत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ही चाचणी करा. मात्र कोडवर्ड सगळ्या शून्यांचं घेऊ नका, ते का ते पुढे येईल.

पाचव्या फेऱ्यानंतरचे बिट बघितले तर चुका सगळीकडे विखुरलेल्या, त्यावरून काही कळेना. मग पहिल्याच इटरेशनमध्ये प्रत्येक लेयरनंतर थांबून आकडे काढले. कुठला बिट कुठल्या पॅरिटी समीकरणात येतो ते सांगणाऱ्या या कोडच्या मॅट्रिक्समध्ये १२ ओळी आणि २४ स्तंभ, आणि प्रत्येक भरलेलं घर म्हणजे २७ बाय २७ चा फिरवलेला चौकोन. आपण एकेक ओळ, म्हणजे एकेक लेयर, सोडवत जातो. पहिल्या स्तंभातल्या एका बिटाची एकूण बेरीज अशी दिसली:

सुरुवातीला ३१. पहिल्या लेयरनंतर ५५. मग ७९. मग १०३. मग १२७. आणि पाचव्या लेयरनंतर −१०५.

दर लेयरला २४ वाढतात, कारण चेक नोडकडून (एका पॅरिटी समीकरणाकडून) त्यातल्या बिटाला येणारा निरोप ३१ च्या पाऊणपट, म्हणजे ३१ वजा ७, असा २४ असतो. १२७ अधिक २४ म्हणजे १५१. पण बेरजेचं रजिस्टर ८ बिटांचं, त्यात १२७ च्या पुढे मावत नाही. १५१ मधून २५६ गेले, उरले −१०५. म्हणजे "हा बिट नक्की ०" असं पाच जणांनी एकमुखाने सांगितलं, आणि रजिस्टरने लिहून घेतलं "हा बिट नक्की १".

पहिला, पाचवा आणि नववा, असे तीन स्तंभ या मॅट्रिक्समध्ये बाराही ओळींत हजर असतात. बाकीचे माहितीचे नऊ स्तंभ फक्त तीन-तीन ओळींत. त्यामुळे पाचव्या लेयरनंतर नेमके तेच तीन स्तंभ उलटले होते: बिट ० ते २६, १०८ ते १३४ आणि २१६ ते २४२. सहाव्या लेयरमध्ये प्रत्येक चेक नोडला हे तिघे खोटे साक्षीदार एकदम भेटतात. तिघेही ठाम. चिन्हांचा गुणाकार होतो, तीन उणे मिळून उणे, आणि जे बिट आतापर्यंत बरोबर होते त्यांनाही "तू चूक" असा निरोप जातो. तिथून पुढे घाण सगळ्या ब्लॉकभर पसरते. शेवटचा निकाल बघून काही कळत नव्हतं ते यामुळेच.

लांबच्या पॅकेटचं रहस्यही इथेच सुटतं. त्याचे आकडे २-३ चे, त्यामुळे बेरीज १२७ पर्यंत चढायच्या आतच पाच फेऱ्या संपायच्या. दहा दिल्या की तीही चढून पलीकडे पडायची.

आठ बिट आले कुठून

माझ्याच वहीत आहे ते. मी स्तंभ मोजला तो तीन ओळींचा. चॅनलचे ३१ आणि तीन निरोप चोवीस-चोवीसचे, एकूण १०३, म्हणजे ८ बिटांत आरामात. बारा ओळींच्या स्तंभाला ३१ अधिक २८८, म्हणजे ३१९ लागतात, त्याला १० बिट हवेत. बहुतेक स्तंभ हलके आहेत म्हणून मी हलका स्तंभ प्रमाण धरला. सगळ्यात जड स्तंभ बघूनच माप घ्यायचं असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. डिझाइन मावत नव्हतं, आणि मावत नसलं की माणूस स्वतःला सोयीचं गणित करतो.

सॅच्युरेशन, म्हणजे १२७ च्या पुढे गेलं तर १२७ वरच थांबवायचं, हेही मी घातलं नव्हतं. त्याचं कारण मात्र मला नंतर सुचलं आणि ते सांगण्यासारखं आहे. माझा हात चुका दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारावर, व्हिटर्बी डिकोडरवर, बसलेला. अँड्र्यू व्हिटर्बीने १९६७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत, नेहमीच्या ६४ अवस्थांच्या डिकोडरला दर बिटामागे ६४ पाथ मेट्रिक (प्रत्येक संभाव्य वाटेचे गुण) सांभाळावे लागतात आणि ते सतत वाढत जातात. तिथे एक सुंदर युक्ती आहे: त्यांना खुशाल उलटू द्या. कारण तिथे आपल्याला मेट्रिकचा आकडा नको असतो, दोन मेट्रिकमधला फरक हवा असतो, आणि तो फरक ठरावीक मर्यादेच्या पुढे जाऊ शकत नाही. रजिस्टर पुरेसं रुंद असलं तर टूज कॉम्प्लिमेंटमधली (उणे आकडे लिहायच्या नेहमीच्या पद्धतीतली) वजाबाकी उलटल्यानंतरही बरोबर उत्तर देते. सॅच्युरेशन नको, दर वेळी सगळ्यांतून किमान मेट्रिक वजा करायची कटकट नको. हार्डवेअर वाचतं.

एलडीपीसीत मात्र त्या आकड्याचं चिन्ह म्हणजेच उत्तर. तिथे उलटणं म्हणजे साक्ष फिरवणं. व्हिटर्बीकडून एलडीपीसीकडे आलेल्या दोन-तीन जणांच्या कोडमध्ये मी हेच बघितलंय, त्यामुळे ही चूक माझ्या एकट्याची नाही अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

सिम्युलेशनमध्ये का दिसलं नाही? सी भाषेतल्या मॉडेलमध्ये बेरीज ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये होत होती. ३१९ काय, तीन लाख झाले तरी तिला फरक पडला नसता. हार्डवेअरमध्ये जेवढे बिट तेवढेच मॉडेलमध्ये ठेवा. दर बेरजेनंतर मुद्दाम कापा. मॉडेल हळू होतं, होऊ द्या.

आणखी एक गोष्ट छाटली होती. मूळ डिझाइनमध्ये डिकोडिंग सुरू व्हायच्या आधी एकदा सिंड्रोम तपासला जायचा, म्हणजे ३२४ पॅरिटी समीकरणं आत्ताच जुळतात का ते. जवळचं स्वच्छ पॅकेट तिथूनच बाहेर पडलं असतं, बेरीज चढायचा प्रश्नच नव्हता. "पाच फेऱ्या काय, ठरलेल्याच चालवू, तेवढंच लॉजिक वाचेल" म्हणून मी ते काढलं. एकट्या ८ बिटांनी हा घोळ जवळच्या पॅकेटला दिसला नसता. दोन्ही छाटण्या मिळून दिसला.

तासगावला द्राक्षबाग असलेले आमचे एक आण्णा हे सगळं ऐकून म्हणाले, "काडी डोळा बघून छाटायची असती. तू बुंध्यालाच कात्री लावलीस व्हय?" ऑक्टोबरच्या छाटणीत एक डोळा इकडेतिकडे झाला तर घडाच्या जागी नुसती पानं येतात, हे त्यांना सांगावं लागत नाही.

मुळात मावत का नव्हतं

आता खरा प्रश्न. कारण ८ चे १० बिट केले की वरचा आजार बरा होतो, पण डिझाइन पुन्हा चिपबाहेर जातं आणि आठवड्याने कुणीतरी दुसरीकडचा बिट कापतं.

मी २७ लेनचा डिकोडर केला होता, कारण वाचलेल्या बहुतेक लेखांत तसाच असतो. चौकोन २७ चा, म्हणून २७ चेक नोड एकाच वेळी. दिसायला देखणा. पण त्याला २७ आकडे हवे तेवढे फिरवणारा शिफ्टर लागतो. ८ बिटांचे २७ आकडे आणि पाच पायऱ्या, म्हणजे १,०८० मल्टिप्लेक्सर (दोनातला एक निवडणारे स्विच) नुसते आकडे गोल फिरवायला. त्यात गणित काहीच होत नाही. वर २७ वेळा तीच तुलना, २७ वेळा तीच वजाबाकी.

मेमरीची गंमत तर आणखी वेगळी. चेक नोडकडून जाणारे निरोप साठवावे लागतात. कोडमध्ये एकूण २,३७६ जोडण्या, प्रत्येकी ६ बिट, म्हणजे १४,२५६ बिट. आपण वापरतो त्या मिन-सम पद्धतीत, जिथे निरोप किमान आकड्यावरून ठरतो, यावर एक प्रसिद्ध उपाय आहे: एका चेक नोडकडून जाणाऱ्या सगळ्या निरोपांत आकडे दोनच असतात, सगळ्यात लहान आणि दुसरा लहान. ज्याच्याकडून लहान आला त्याला दुसरा द्यायचा, बाकी सगळ्यांना पहिला. तेव्हा ५ बिट, ५ बिट, लहान कुणाचा ते सांगणारे ३ बिट आणि आठ चिन्हं: २१ बिटांत काम भागतं. ३२४ चेक नोडना ६,८०४ बिट. निम्म्याहून कमी!

मी खुशीत ते केलं आणि टूलने सांगितलं, ब्लॉक रॅम संपले. झालं असं की २७ लेनना एकदम २१ बिट हवेत, म्हणजे ५६७ बिटांची रुंदी. ब्लॉक फार तर १६ बिट रुंद आणि त्या रुंदीला २५६ ओळी खोल. ५६७ बिटांना ३६ ब्लॉक लागले आणि प्रत्येकाच्या २५६ ओळींपैकी वापरल्या १२. न दाबलेले, म्हणजे सगळेच्या सगळे, निरोप साठवले तर रुंदी १६२, खोली ८८, ब्लॉक फक्त ११. कागदावर निम्मी झालेली मेमरी चिपवर तिपटीहून जास्त झाली. मेमरीचे बिट मोजून काही कळत नाही. रुंदी किती आणि खोली किती, ते मोजावं लागतं.

मग न दाबलेले निरोप, ८ बिटांची बेरीज, सिंड्रोम बंद, अशी कशीबशी मोट बांधून ते डिझाइन आत कोंबलं होतं.

आता पॅकेट मिनिटाला एक. हे वाक्य मी स्वतःशी मोठ्याने म्हटलं तेव्हा लाज वाटली. २७ लेन वायफायला लागतात. नदीला काय घाई आहे?

एकच चेक नोड ठेवला. २,३७६ जोडण्या एकेक करून वाचायच्या आणि एकेक करून लिहायच्या: एका इटरेशनला ४,७५२ क्लॉक, वर थोडे थांबण्याचे. दहा इटरेशनना ४७,५२०. बोर्डवरचा १२ मेगाहर्ट्झचा साधा क्लॉक वापरला तरी साधारण ४ मिलिसेकंद. उरलेला जवळजवळ पूर्ण मिनिट डिकोडर झोपलेला.

शिफ्टर संपूर्ण गेला. एका वेळी एकच आकडा हवा असल्यावर फिरवायचं काय? पत्ता काढायचा: स्तंभ गुणिले २७, अधिक ओळ आणि शिफ्टची (चौकोन किती फिरवलाय त्याची) बेरीज, ती बेरीज २७ किंवा जास्त झाली तर २७ वजा. एक ॲडर, एक तुलना. (तुलनेत "२७ पेक्षा मोठं" लिहू नका, "२७ किंवा मोठं" लिहा. एक संध्याकाळ त्यात गेली.) दाबलेले निरोपही आता शोभतात: २१ बिट रुंद, ३२४ खोल, चार ब्लॉक. बेरजेला १० बिट दिले तर तीन ब्लॉक, ८ बिट दिले असते तर दोन. म्हणजे इतका महिना ज्यात घालवला ती काटकसर एका ब्लॉक रॅमची आणि ॲडरच्या दोन बिटांची. ३२ पैकी २५ ब्लॉक रिकामे पडलेत.

सिंड्रोमसुद्धा जवळजवळ फुकटात परत आला. ओळ सोडवताना तिच्या बिटांच्या बेरजा वाचतोच. त्यांच्या चिन्हांचा एक्सॉर करत गेलं (उणे सम आहेत की विषम ते बघत गेलं) की ती ओळ जुळते का ते कळतं. पूर्ण इटरेशनमध्ये सगळ्या ओळी जुळल्या आणि एकाही बिटाचं चिन्ह मध्येच बदललं नाही, तर थांबा. दुसरी अट विसरू नका, कारण ओळी तपासता तपासता बिट बदलत असतात. जवळचं पॅकेट आता एका फेरीत सुटतं.

रॉबर्ट गॅलेगरने हे कोड १९६० च्या सुमारास शोधले आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि नव्वदच्या दशकापर्यंत त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही, कारण त्या काळच्या हार्डवेअरला ते परवडणारे नव्हते. आज छोट्याशा चिपमध्ये ते सहज मावतात, तरी आपण पसारा मांडतोच.

तीच तक्रार, वेगळं कारण

वरचं सगळं दुरुस्त करूनही "जवळून बिघडतं" असं होत असेल तर −३२ बघा. ६ बिटांच्या टूज कॉम्प्लिमेंटमध्ये −३२ असतो, पण +३२ नसतो. त्याचं निरपेक्ष मूल्य ५ बिटांत ठेवायला गेलं की वरचा बिट गळून पडतो आणि उरतं शून्य. सगळ्यात खात्रीचा बिट सगळ्यात दुबळा ठरतो, आणि तोच त्या ओळीतला किमान बनून बाकीच्यांचे निरोप शून्यावर आणतो. एलएलआर आत घेतानाच −३१ ला अडवा. सगळ्या शून्यांचं कोडवर्ड घेऊन चाचणी करू नका म्हणालो ते याचसाठी: त्यात एलएलआर सगळे धन, −३२ कधी उगवतच नाही, आणि चाचणी हसत पास होते. शून्य बेरजेला ० धरणारा डिकोडरही अशाच चाचणीत उगाच हुशार दिसतो.

उलटी तक्रार, म्हणजे जवळून चालतं आणि लांबून अचानक गेलं, ही आमच्याकडे एकदा आली ती पाऊणपट करण्याच्या ओळीतून. पोरानं "वजाबाकीपेक्षा बेरीज स्वस्त" म्हणून संख्या वजा तिचा पाव याऐवजी अर्धा अधिक पाव असं केलं. गणितात दोन्ही सारखंच. पण इंटिजरमध्ये दोन्ही तुकडे खाली कापले जातात. ३ चं पहिल्या पद्धतीने ३ राहतं, दुसऱ्या पद्धतीने १. आणि १ चं तर ०. जवळच्या पॅकेटला ३१ चे २४ काय नि २२ काय. लांबच्या पॅकेटचे आकडेच २-३ चे, ते मुळातच खुडले गेले. वर वजाबाकीला बेरजेइतक्याच एलयूटी लागतात, त्यामुळे वाचलं काहीच नाही.

यावर कायमचा उपाय आकडे इतके लहान येऊच न देण्याचा. पॅकेटच्या सुरुवातीच्या ठरावीक बिटांवरून सरासरी मोठेपणा मोजा आणि सगळे एलएलआर डावी-उजवीकडे असे सरकवा की सरासरी ८ ते १६ च्या मध्ये पडेल. गुणाकार नको, नुसतं शिफ्ट पुरतं, कारण पाऊणपटीच्या मिन-समला सगळे आकडे एकदम दुप्पट झाल्याने फरक पडत नाही. निरोपातून ठरावीक आकडा वजा करणारी ऑफसेटची पद्धत वापरत असाल तर मात्र पडतो, तिथे सांभाळा.

क्लॉक वाढवायला म्हणून पाइपलाइन घातली (काम टप्प्यांत तोडून एकापाठोपाठ चालवलं) आणि चुका वाढल्या, असं असेल तर लेयरच्या सीमेवर बघा. एका लेयरमधले २७ चेक नोड एकमेकांच्या बिटांना हात लावत नाहीत, पण पुढचा लेयर मागच्याने अजून न लिहिलेली बेरीज वाचू शकतो. ओळींचा क्रम बदलून हे टाळता येतं असं वाचायला मिळेल. या मॅट्रिक्समध्ये नाही टाळता येत, ते तीन जड स्तंभ प्रत्येक ओळीत आहेत. लेयर संपला की पाइपलाइन रिकामी होईपर्यंत चार-पाच क्लॉक थांबा. मिनिट पडलाय आपल्याकडे.

आणि सगळं दुरुस्त झाल्यावर आमच्याकडे जे नवीन निघालं ते: रिसेटनंतरचं पहिलं पॅकेट येतं, दुसऱ्यापासून एकही नाही. निरोपांच्या मेमरीत मागच्या पॅकेटचे निरोप तसेच बसलेले असतात आणि नवीन पॅकेटमधून ते वजा होत राहतात. ३२४ जागा पुसत बसायची गरज नाही. पहिल्या इटरेशनमध्ये मेमरीतून वाचलेला निरोप एका फ्लॅगने शून्य धरला की झालं. आम्ही तो फ्लॅग घातला त्या दिवशी ट्रान्समीटर टेबलावर, रिसीव्हर शेजारी, आणि मधे भडंगाची पुडी अशी रात्रभर पॅकेटं मोजली. सकाळी डबा परत जॅकवेलवर गेला.